फिंचचा पिंजरा: फटी, दारं आणि निसटणारे पक्षी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फिंच हा कडी उघडणारा पक्षी नाही. पोपट चोचीने खिटी सरकवतो, दार उचलतो, गाठ सोडतो. फिंचच्या चोचीत तेवढी ताकद नाही आणि त्याला त्यात रसही नाही. फिंच निसटतो तो दोनच वाटांनी. एक, आपण कधी न मोजलेल्या फटीतून. दुसरी, आपला हात पिंजऱ्यात असताना हाताच्या बाजूने. म्हणून जाड कुलपं लावण्यापेक्षा फटी मोजणं आणि हात आत घालायची पद्धत बदलणं जास्त उपयोगाचं. खालची बहुतेक उत्तरं याच दोन गोष्टींबद्दल आहेत. फिंच म्हणजे इथे आपल्याकडे घरोघरी दिसणारे झेब्रा, बंगाली, गोल्डियन आणि जावा.

दोन तारांमधलं अंतर नक्की किती असावं?

झेब्रा, बंगाली आणि गोल्डियनसाठी १२ मिलिमीटर, म्हणजे जवळपास अर्धा इंच, ही वरची मर्यादा धरा. १० मिलिमीटर मिळालं तर उत्तम. झेब्रा फिंच जेमतेम १० ते ११ सेंटिमीटर लांब आणि साधारण १२ ग्रॅम वजनाचा असतो, त्यातही निम्मं अंग पिसांचं. डोकं गेलं की बाकीचं अंग मागोमाग जातं. ऑरेंज चीक किंवा कॉर्डन ब्लूसारखे याहून बारीक फिंच पाळायचे असतील तर १० मिलिमीटरच्या वर जाऊच नका.

मोजताना बहुतेक जण मोठा पक्षी डोळ्यापुढे ठेवतात. मोजायचं पिल्लाच्या हिशोबाने. झेब्राची पिल्लं अंड्यातून आल्यावर साधारण १८ ते २१ दिवसांत घरट्याबाहेर पडतात. त्या वेळी ती अंगाने बारीक, उडायला कच्ची आणि दिसेल त्या फटीत डोकं खुपसणारी असतात. आईबाप जिथून जाऊ शकत नाहीत, तिथून पिल्लू जातं किंवा, याहून वाईट म्हणजे, अर्धवट जाऊन मानेला अडकतं.

दुकानदार म्हणतो लव्हबर्डचा पिंजरा फिंचला चालतो. खरंच चालतो का?

आपल्याकडे दुकानात ज्याला ‘लव्हबर्डचा पिंजरा’ म्हणतात तो बहुधा बजरीगर या लहान पोपटासाठी केलेला असतो. बजरीगर फिंचच्या दुपटीहून जड. त्यातले काही पिंजरे १२ मिलिमीटरचे असतात, काही १५ च्याही पुढे जातात. तेव्हा स्केल घेऊनच दुकानात जा आणि मधल्या भागात मोजू नका. कोपऱ्यात, दाराच्या कडेला आणि छताच्या घुमटाजवळ मोजा. मशीनवर केलेल्या पिंजऱ्यातही तिथल्या तारा एकसारख्या बसलेल्या नसतात.

नुसतं मोजूनही भागत नाही. दोन शेजारच्या उभ्या तारा अंगठ्याने हलकेच फाकवून बघा. आडव्या तारा लांब लांब असतील तर उभ्या तारा सहज वाकतात आणि १२ चे १६ मिलिमीटर होतात. घाबरलेला पक्षी तेवढा जोर लावतो. अशा पिंजऱ्याला मध्ये एकदोन आडव्या तारा ओढून प्रत्येक उभ्या तारेशी पीळ द्या, किंवा आतून बारीक जाळी लावा.

आकाराचंही बघा. फिंच आडवा उडतो, हेलिकॉप्टरसारखा वर चढत नाही, त्यामुळे उंच आणि गोल पिंजरा त्याच्या काही कामाचा नाही. एका जोडीला ३० इंच लांब, १८ इंच रुंद आणि १८ इंच उंच पिंजरा द्यावा असं माझं मत आहे. ज्या पक्ष्याला धड उडायला मिळतं तो जाळीवर कमी आपटतो आणि दाराशी कमी घुटमळतो.

घरी पिंजरा करायचा आहे. जाळी कुठली आणू?

हार्डवेअरच्या दुकानात ‘अर्धा बाय अर्धा वेल्डमेश’, म्हणजे सांध्यांवर वेल्डिंग केलेली अर्ध्या इंची चौकोनांची जाळी, मागा. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळी आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीट या भागांत ती रोलमधून कापून मिळते. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर हे तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं माप असतं, त्यामुळे तारेची जाडी वजा जाता मोकळी जागा १२ च्या आत राहते.

गेज, म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा, विचारायला विसरू नका. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते: १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, २० गेज ०.९, तर २२ गेज ०.७. खोलीत ठेवायच्या पिंजऱ्याला २० गेज पुरते. गॅलरीत किंवा अंगणात असेल तर १८ घ्या. २२ गेजची जाळी स्वस्त पडते, पण ती हाताने दाबली तरी पोचते आणि तिचे सांधे लवकर सुटतात. एक सांधा सुटला की अर्ध्या इंचाचं भोक एक इंचाचं होतं, आणि ते तुमच्या आधी पक्ष्याला दिसतं.

विणलेली षट्कोनी कोंबडी-जाळी फिंचसाठी वापरू नका. तिची भोकं ओढली की आकार बदलतात आणि पिळाच्या जागी नख्या अडकतात. प्लॅस्टिकची बागेची जाळी तर उंदीर एका रात्रीत कुरतडतो.

खर्च परवडत असेल तर स्टेनलेस स्टीलची, ३०४ दर्जाची जाळी घ्या. समुद्राजवळ राहणाऱ्यांना मी हेच सांगेन. रत्नागिरी, अलिबाग, पणजी, अगदी मुंबईचा किनारा, इथल्या खाऱ्या हवेत जस्ताचा मुलामा लवकर उतरतो आणि तार गंजते.

नवीन जाळी धुवून घ्यायची असं ऐकलं. का?

गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, जाळीवर जस्ताचे बारीक थेंब आणि पांढरट भुकटी राहिलेली असते. पक्ष्याने ते टिपून खाल्लं तर जस्ताची विषबाधा होते. जाळी चघळणाऱ्या पोपटांना हा धोका फार मोठा. फिंच जाळी चावत नाहीत, पण चमकणारा कण दिसला की टिपतात. कोंबड्यांप्रमाणे त्यांनाही बारीक खडे गिळायची सवय असते.

पांढरं व्हिनेगर आणि ताठ केसांचा ब्रश घेऊन दोन्ही बाजूंनी घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि कडक उन्हात वाळवा. सांध्यांवर लोंबणारे जस्ताचे थेंब कानसने काढून टाका. पिंजरा पावसाळ्यापूर्वीच करा म्हणतात ते या वाळवण्यासाठीही.

वेल्डिंग न करता जाळी कशी जोडायची?

कडेला कडा लावून जे-क्लिप किंवा गोल तारेच्या रिंगा पक्कडने दाबायच्या, दर दोन इंचांवर एक. क्लिपा मिळाल्या नाहीत तर बांधायची बारीक तार एका कडेपासून दुसरीपर्यंत सलग ओवत न्या, गोधडीला टाका घालतात तशी. तुटक गाठींपेक्षा सलग ओवलेली तार चांगली. एक गाठ सुटली म्हणून फट पडत नाही.

प्लॅस्टिकचे केबल टाय तात्पुरते वापरायला हरकत नाही. उन्हात मात्र ते कडक होऊन तडकतात, आणि तडकलेले लांबून दिसत नाहीत. गॅलरीतल्या पिंजऱ्याचा भार कधीही केबल टायवर ठेवू नका.

कापलेल्या जाळीची टोकं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. पत्र्याच्या कातरीने तार अगदी सांध्याला लागून कापा, म्हणजे काटा उरत नाही. जे काटे उरतील ते बाहेरच्या बाजूला वळवून कानस मारा. मग डोळे मिटून तळहात आतून फिरवा. जिथे तुम्हाला खुपेल तिथे पक्ष्याचा पाय, पायातली रिंग किंवा डोळा सापडू शकतो.

वर सरकणारं दार आहे. पक्षी ते उचलू शकतो का?

झेब्रा किंवा बंगाली उचलू शकत नाही. जावा अंगाने थोराड असतो, तरीही सरळ उभं दार उचलणं त्याला सहसा जमत नाही. खरा त्रास वेगळाच: दार पूर्ण खाली येत नाही. रंगाचा पोपडा, गंज किंवा बाजरीचा दाणा खाचेत अडकतो, दार बोटभर वर राहतं आणि आपल्याला ते बंद झाल्यासारखं वाटतं.

उपाय साधा आहे. प्रत्येक दाराला, रोज न उघडणाऱ्या दारालासुद्धा, एक बाइंडर क्लिप किंवा किल्ल्यांच्या जुडग्याचा स्प्रिंगचा हूक लावा. क्लिप नीट बसली नाही तर लगेच कळतं की दार पुरतं खाली आलेलं नाही. कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा घरात चालतो; प्लॅस्टिकचा उन्हाने तुटतो.

बाहेर उघडणारं बिजागरीचं दार असेल तर त्याची स्प्रिंग तपासा. दार हातातून सोडलं की ते आपोआप आपटून बंद झालं पाहिजे. मधेच थांबत असेल तर स्प्रिंग बदला.

खाणं-पाणी द्यायला हात घातला की पक्षी दारातून उडून जातात. काय करू?

सगळ्यात जास्त फिंच असेच जातात. इथे पक्ष्याचा स्वभाव समजून घेतला तर अर्धं काम होतं. घाबरलेला फिंच वर जातो आणि उजेडाकडे जातो. दार वरच्या अर्ध्यात असेल आणि दारामागे खिडकी असेल, तर आपण त्याला वाट दाखवल्यासारखंच होतं.

म्हणून पहिला बदल पिंजऱ्याच्या जागेत. पिंजऱ्याची पाठ खिडकीकडे आणि दार खोलीच्या अंधाऱ्या बाजूला करा. हात आत गेला की पक्षी उजेडाकडे, म्हणजे तुमच्यापासून लांब पळतो. दिवसा काम करताना खोलीतला दिवा बंद ठेवा. एवढ्याने फरक दिसतो, आणि याला एक पैसा लागत नाही.

दुसरा बदल दारात. रोजचं दार खालच्या एक तृतीयांश भागात आणि लहान असावं, चार इंच बाय चार इंच पुरे. तुमची मूठ जाईल एवढंच. घरटं बसवायला, मोठी साफसफाई करायला वेगळं मोठं दार ठेवा आणि ते पक्षी आत असताना उघडू नका. पिंजऱ्याला वरच एक मोठं दार असेल तर ते तारेने कायमचं बांधून टाका आणि खाली नवीन पाडा. नवीन दारासाठी जाळीत चौकोन कापून, कापलेल्या भोकापेक्षा प्रत्येक बाजूला एक इंच मोठा जाळीचा तुकडा वरून बिजागरीसारखा रिंगांनी अडकवायचा. तो आपल्या वजनाने खाली पडतो, मग त्याला हूक.

तिसरा बदल मला सगळ्यात आवडतो: दाराला बाही लावा. जुन्या पूर्ण बाह्यांच्या सुती शर्टाची बाही खांद्याजवळ कापा. रुंद टोक दाराच्या चौकटीभोवती बाहेरून शिवा किंवा तारेने ओवा, कफाच्या टोकाला इलॅस्टिक घाला. हात कफातून घालायचा, मग आतून दार उचलायचं. मनगटाभोवती कापड घट्ट असल्यामुळे पक्षी हातावरून उड्या मारत आला तरी तो बाहीतच राहतो. काम झालं की हात मागे घेताना आधी बाहीत कोणी आलंय का ते चाचपून बघा. बाहीचं कापड घट्ट विणीचं असू द्या; सुटे धागे आत राहिले तर ते पायात गुंततात.

आणि दांड्या दारासमोर बसवू नका. दांडी दाराला लागून असेल तर पक्षी तिथेच बसणार. दोन्ही टोकांना, वरच्या अर्ध्यात पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या, साधारण १० मिलिमीटर जाडीच्या डहाळ्या लावा, म्हणजे त्यांची बसायची जागा आणि तुमची हात घालायची जागा वेगळी राहते.

खाण्याचे कप बाहेरून काढता येतात. त्यात काही धोका?

कप काढला की भोक उघडं. बऱ्याच पिंजऱ्यांत त्या भोकाला झडप असते, पण ती हलकी असल्यामुळे अडकून राहते. दोन कप ठेवा: रिकामा कप काढताना दुसऱ्या हाताने पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा भोकावर धरा आणि भरलेला कप पुठ्ठा सरकवत आत घाला. पाण्यासाठी उलटी नळीची बाटली वापरली तर तिला मोठं भोक लागतच नाही. कांगणी-बाजरी रोज, समुद्रफेस महिन्याकाठी. जेवढी कमी वेळा दारं उघडतील तेवढं बरं.

ट्रे ओढला की खाली फट पडते. ती कशी बंद करावी?

चांगल्या पिंजऱ्यात ट्रेच्या वर जाळीचा तळ असतो. नसेल तर अर्ध्या इंचाच्या जाळीचा तुकडा कापून बसवा. जाळीचा तळ नको असेल तर ट्रेच्या खाचेवर, बाहेरून, पत्र्याची किंवा जाड सनबोर्डची पट्टी वरच्या कडेला अडकवा. ट्रे बाहेर आला की ती पट्टी खाली लोंबून फट झाकते. तोवर दुसरा उपाय: ट्रे ओढताना त्याच्या मागोमाग पुठ्ठा आत सरकवा.

प्लॅस्टिकचा तळ आणि वर तारेची टोपी, बाजूला चार खिट्या, अशा पिंजऱ्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. तो पडला की खिट्या सुटतात आणि टोपी तळापासून वेगळी होते. टांगायचा असेल तर हुकावर वजन टोपीचं नको, तळाखालून दोन पट्टे घेऊन वर बांधा.

घरट्याचं मडकं बाहेरून लावायचं की आतून?

आतून लावलेलं मडकं कुठूनही पक्ष्याला सोडत नाही, पण आत डोकावायला दार उघडावं लागतं. बाहेरून पेटी लावली तर पिंजऱ्याची जागा वाचते. तिथे दोन गोष्टी बघा: पेटी आणि जाळी यांच्यामधल्या गोलाकार फटी पत्र्याच्या पट्टीने बंद करा, आणि पेटीचं झाकण हुकाने लागेल असं करा. नुसतं वर ठेवलेलं झाकण मांजराच्या एका धक्क्याने उडतं.

जुनं कपाट किंवा शोकेस फिंचसाठी वापरता येईल का?

येईल, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मी हाच पर्याय आधी सुचवते. तीन बाजू बंद असल्या की पक्षी निवांत असतात, बिया सगळ्या घरभर उडत नाहीत आणि फटी फक्त एकाच बाजूला मोजाव्या लागतात. काचेची दारं काढून त्या जागी लाकडी चौकटीत जाळी बसवा. जाळी चौकटीच्या आतल्या बाजूला ठोका, म्हणजे लाकडाच्या कडेला पक्षी चिकटून बसत नाहीत आणि आतून ढकलली तर ती चौकटीवर टेकते.

वर आणि पाठीमागे हवेसाठी जाळीची खिडकी हवीच. फक्त पुढून हवा घेणारं कपाट पावसाळ्यात कोंदट होतं आणि विष्ठेवर बुरशी धरते. सनमायका असलेलं कपाट पुसायला सोपं. नवीन रंग किंवा पॉलिश दिलं असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत पक्षी आत सोडू नका. फिंचची फुप्फुसं आपल्यापेक्षा कितीतरी नाजूक असतात.

गॅलरीत पिंजरा ठेवतो. बाहेरून काय काय येऊ शकतं?

कावळा सगळ्यात आधी. तो आत येत नाही, जाळीला चिकटलेल्या फिंचचा पाय किंवा डोकं बाहेरून ओढतो. शिक्रा झडप घालतो तेव्हा पक्षी घाबरून जाळीवर आपटतात. मांजर पंजा घालतं. या तिघांवर एकच उपाय: दुहेरी जाळी. मूळ जाळीपासून दोन इंचांवर दुसरी जाळी, तीही अर्ध्या इंचाची. आतल्या पक्ष्यापर्यंत चोच किंवा पंजा पोचत नाही. पूर्ण पिंजऱ्याला शक्य नसेल तर निदान दांड्यांच्या आणि घरट्याच्या बाजूला करा, आणि छत पत्र्याने झाका.

उंदरांचं गणित वेगळं आहे. घरातला लहान उंदीर पेन्सिलीएवढ्या भोकातून, म्हणजे सहासात मिलिमीटरमधून येतो. अर्ध्या इंचाची जाळी त्याला अडवत नाही. गाव, बंगला, वाडी अशा ठिकाणी पिंजऱ्याच्या खालच्या दीड फुटाला पाव इंचाची जाळी बाहेरून लावा. सांडलेलं धान्य रात्री झाडून काढा. उंदीर पक्ष्यासाठी येत नाही, बाजरीसाठी येतो, पण आला की अंडी-पिल्लं सोडत नाही.

कोकणात सापाचाही विचार करावा लागतो. तस्कर आणि धामणीची पिल्लं अर्ध्या इंचातून आत शिरतात, पक्षी गिळतात आणि पोट फुगल्यामुळे आतच अडकतात. वाडीतला पिंजरा पूर्णच पाव इंचाच्या जाळीचा करणं हाच खात्रीचा मार्ग. आत साप दिसला तर हात घालू नका, सर्पमित्राला बोलवा.

मुंग्या पिल्लांना जिवंत खातात. पायाचा स्टँड असेल तर चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. टांगलेला असेल तर हुकाच्या तारेला व्हॅसलीनचा जाड थर लावा, पक्ष्याची चोच पोचणार नाही अशा उंचीवर. मुंग्यांचा खडू पिंजऱ्याजवळ ओढू नका. त्याची भुकटी उडते आणि तिच्यातलं कीटकनाशक पक्ष्यांना बाधतं.

मच्छरदाणी टाकली तर चालेल?

दुसरं आवरण म्हणून फार चांगली. निसटलेला पक्षी दाणीच्या आतच राहतो, आणि पक्ष्यांचा देवी (पॉक्स) हा रोग डासांमुळे पसरतो, त्यालाही अटकाव होतो. फक्त ती पिंजऱ्याला चिकटू देऊ नका. चार काठ्यांवर ताणून दोनतीन इंच लांब ठेवा, नाहीतर बारीक छिद्रांत नख्या अडकतात. मांजराला मात्र ती अडवत नाही.

पावसाळ्याआधी काय तपासावं?

जाळीचे सगळे सांधे अंगठ्याने दाबून बघा, दारांच्या स्प्रिंगा, खाचांमधला गंज, लाकडी चौकट फुगून दार अडतंय का, छताचा हूक. वळवाच्या वाऱ्यात टांगलेला पिंजरा भिंतीवर आपटतो. त्याला खालून आणखी एक दोरी बांधून कठड्याशी घट्ट करा किंवा त्या महिन्यात आत घ्या.

पंख कापले तर निसटायचा प्रश्नच मिटेल, नाही का?

नाही. फिंचचे पंख कधीही कापू नका. तो पक्षी पोपटासारखा चालत-चढत फिरत नाही. खाण्यापासून घरट्यापर्यंत बहुतेक उडूनच जातो. पंख कापलेला फिंच दांडीवरून पडतो, छातीला मार लागतो, बाकीचे पक्षी त्याला खाण्यापाशी येऊ देत नाहीत. हा पर्याय विचारातसुद्धा घ्यायचा नाही, एवढं कळकळीने सांगते.

पिंजऱ्यात बदल करायचे आहेत. तोवर पक्षी कुठे ठेवू?

दुसऱ्या लहान पिंजऱ्यात, वेगळ्या खोलीत. कापणं, ठोकणं, रंग देणं पक्षी आत असताना नको. अंडी किंवा पिल्लं असतील तर काम पुढे ढकला. झेब्राची अंडी १२ ते १४ दिवसांत फुटतात आणि पिल्लं स्वतः खाऊ लागेपर्यंत आणखी महिनाभर लागतो.

पकडायचं संध्याकाळी, उजेड मंद करून. मुठीत धरताना डोकं तर्जनी आणि मधल्या बोटामध्ये येऊ द्या आणि अंगाभोवती बोटं सैल ठेवा. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छाती हलवूनच ते श्वास घेतात. छाती दाबली की काही क्षणांत जीव जातो.

पक्षी खोलीत सुटला. आता?

आधी पंखा बंद. मग खिडक्या आणि दारं. मग गॅस, उकळतं भांडं, पाण्याची बादली, संडासाचं झाकण. हा क्रम पाठ असू द्या, घरातल्या मुलांनाही शिकवा. आपल्याकडे सुटलेल्या पक्ष्यांचा मोठा शत्रू म्हणजे छताचा पंखा.

मग आरसा आणि काचेच्या खिडकीवर पडदा ओढा, नाहीतर तो काचेवर आपटेल. पाठलाग करू नका. आत जोडीदार असेल तर आधी त्याला लहान पिंजऱ्यात घालून शेजारी ठेवा, दोघं एकमेकांना हाका मारतात; मग मोठ्या पिंजऱ्याचं दार उघडं ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात परतला नाही तर तो कुठे बसलाय ते नीट बघून ठेवा आणि दिवा मालवा. अंधारात फिंच उडत नाही. मोबाइलचा मंद उजेड जमिनीकडे ठेवून हलक्या सुती कापडाने झाका आणि उचला.

खिडकीबाहेर गेला तर परत मिळतो का?

पहिल्या काही तासांत शक्यता चांगली असते. पाळलेला फिंच सहसा फार लांब जात नाही, आवाजाच्या टप्प्यात बसतो. जोडीदाराचा पिंजरा त्याच खिडकीत ठेवा, वर एक रिकामा उघडा पिंजरा, त्यात बाजरी आणि पाणी. पहाटे आणि संध्याकाळी जास्त लक्ष द्या, तेव्हा त्यांचं हाकारणं वाढतं. जोडीदाराजवळ कोणीतरी बसून राहा, कारण कावळ्यांनाही तो आवाज ऐकू जातो. इमारतीतल्या लोकांना लगेच कळवा. झाडापेक्षा शेजारच्या गॅलरीत तो सापडायची शक्यता जास्त.

लाल मुनिया विकायला आलेत, तेही फिंचच ना? पिंजरा तोच चालेल?

पिंजरा कुठलाच चालणार नाही. लाल मुनिया, ठिपकेदार मुनिया, हिरवी मुनिया हे आपले रानपक्षी आहेत आणि १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने त्यांना पकडायला, विकायला आणि पाळायला बंदी आहे. जाळ्यात पकडून आणलेल्या या पक्ष्यांतले कितीतरी वाटेतच मरतात. कृपा करून विकत घेऊ नका, ‘सोडवण्यासाठी’ म्हणूनही नको. पैसे मिळाले की पुन्हा तेवढेच पकडले जातात. वन विभागाला कळवा.

जावा पाळणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. हा पक्षी सायटिस (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्रजातींची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. झेब्रा आणि बंगाली त्या यादीत नाहीत.

आमच्याच गॅलरीत कोणाचा तरी फिंच येऊन बसलाय. काय करावं?

पाणी आणि बाजरी ठेवा, पंखा आणि मांजर लांब ठेवा, वरच्यासारखंच अंधार करून पकडा. तुमच्या पक्ष्यांत लगेच सोडू नका. महिनाभर वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांवर ठेवा. सोसायटीच्या ग्रुपवर कळवताना पायातल्या रिंगेचा रंग किंवा आकडा लिहू नका. जो येईल त्याने तो स्वतः सांगितला तर पक्षी त्याचाच. आणि नीट बघितल्यावर तो मुनिया निघाला तर पिंजऱ्यात घालू नका. धडधाकट असेल तर तो आपला आपण उडून जाईल, जखमी असेल तर महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.